बॅटरी विझली नव्हती

दादा पेवाच्या आत आडवा पडला होता आणि त्याच्या हातातून सुटलेली बॅटरी जळत होती. वरून वाकून पाहिलं की ज्वारीच्या ढिगावर उजेडाचा एक गोल दिसायचा आणि त्या गोलात दादाचा पाय. पाय हलत नव्हता. काका पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून ओरडत होता, "रघू, ए रघू, मस्करी नको करू, ऊठ." मी मागच्या अंगणात मायबरोबर कुरडया घालत होते. ओरडा ऐकून चिकाने भरलेले हात तसेच घेऊन पळत आले. आत पाहिलं आणि काकाला म्हटलं, "काका, उतरू नको. दिवा सोड पयले." काकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बॅटरी दिखी नही ऱ्हायनी का तुले? एवढा उजेड शे खाले. सरक." त्याने दोर धरला आणि सरसर खाली गेला. ढिगावर उतरला, दादाकडे वाकला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि खाली बसला. दमलेला माणूस टेकतो तसा बसला. मग एका अंगावर कलला आणि घरंगळत ढिगाच्या खालच्या बाजूला अंधारात गेला. बॅटरी जळतच होती.

पेव म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. माझी नात गायत्री नंदुरबारला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जाते. नंदुरबारात क्लासचं पेव फुटलंय असं पेपरात छापून येतं, ते तिने वाचलं आहे, पण पेव तिने पाहिलेलं नाही. आमचं गाव कोरीटच्या पुढे, तापीच्या अंगाला. तिथे जमीन असलेल्या प्रत्येक घरापुढे पेव असायचं. जमिनीत खणलेली मोठी रांजणासारखी खोली, तोंड एक माणूस जाईल एवढंच, आत पोट मोठं. आतून शेणामातीने लिंपायचं, खाली कडबा अंथरायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर फरशी ठेवून माती थापायची. ज्वारी वर्ष-दोन वर्षं राहायची. उंदीर नाही, कीड नाही. उघडायचं तेव्हा एक रीत होती. सकाळी फरशी काढायची, बायकांनी हळदकुंकू वाहायचं, मग टोपलीत पेटता दिवा ठेवून दोराने खाली सोडायचा. दिवा विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा सोडायचा. "पेव भुकेल शे," असं बायका म्हणायच्या. दिवा खाऊन पोट भरलं की मग माणसाला खात नाही, असा समज. का, कसं, हे कोणी विचारत नव्हतं. रीत पाळली की माणूस जिवंत राहतो, मग विचारायचं कशाला, असा सगळ्यांचा हिशोब होता. तो चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. रीत होती तोवर आमच्या घरात पेवात कोणी मेलं नव्हतं.

त्या वर्षी घरात परीक्षा होती. दादा सातवीला होता. सातवीची फायनल पास झालेला मुलगा तेव्हा मास्तर होऊ शकत होता, आणि आमच्या घराण्यात तोवर कोणी नांगर सोडून दुसरं काही धरलेलं नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं की रघुनाथ मास्तर होईल. वर्षभर त्याला शेतात नेलं नाही. दूध आटवून त्याला, साय त्याला, भाकरीवर तूप त्याला. मला आणि काकाच्या लहान पोरींना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेली मिरची. मिरचीवर तेलाची धार आबांना आणि दादाला, आम्हाला कोरडीच. मला याचं वाईट वाटलं असं नाही. कोरडी मिरची मला अजूनही आवडते, आणि सून म्हणते पोटाला चांगली नाही, तरी मी खाते.

दादा पहाटे उठून ओट्यावर बसायचा आणि मोठ्याने पाठ करायचा. सातवीच्या हेडमास्तरांनी परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं नेमून दिली होती. अक्षर इकडचं तिकडे झालं की छडी. आत माय जातं ओढत असायची. दादाचं पाठांतर आणि जात्याची घरघर एका तालावर चालायची. "ज्वलनास प्राणवायूची आवश्यकता असते," जात्याचा एक फेर. "प्राणवायूच्या अभावी ज्योत विझते," दुसरा फेर. माय कधी शाळेची पायरी चढली नव्हती, पण ते तिला पाठ झालं. एकदा दादा "प्राणवायूच्या" म्हणून अडला, तर मायने आतून जातं न थांबवता "अभावी" म्हणून पुरवलं. काकू चुलीपाशी होती. ती म्हणाली, "परीक्षाले जेठानीलेच धाडा. आनि तिले नही जमनं तर कुत्राले धाडा, त्याले बी पाठ हुई गयं." माय हसली. दादा मात्र रागावून पहिल्यापासून म्हणायला लागला, कारण मधून धरलं तर त्याला येत नसे.

गायत्री आता फोनवर शिकते. मास्तर फोनमध्ये असतो आणि ती त्याला दुप्पट वेगाने बोलायला लावते, वेळ वाचतो म्हणून. तिच्या परीक्षेत एका प्रश्नाला चार उत्तरं छापलेली असतात, त्यातल्या एकाचा गोल काळा करायचा. दादाच्या परीक्षेत उत्तर एकच असायचं आणि ते पूर्ण लिहायला लागायचं. मला एवढाच फरक दिसतो. मुलगा म्हणतो, आई तुला यातलं कळत नाही. नसेल कळत. मी चौथी शिकलेली आहे.

माझी चौथी मात्र वेगळी झाली, कारण चौथीला वेगळे गुरुजी होते. बारीक, तरुण, घाटाकडचे. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत एकटे राहायचे आणि स्वतःची भाकरी स्वतः भाजायचे, त्यामुळे गावाला ते जरा वेडेच वाटायचे. ते पुस्तकातलं मराठी बोलायचे, आम्ही अहिराणी. पहिल्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा. ज्याच्याकडे प्रश्न नसेल त्याने विहिरीवरून शाळेचा माठ भरून आणायचा. विहीर लांब होती. पाणी भरायला लागू नये म्हणून आम्ही आठवडाभर प्रश्न शोधत फिरायचो. कोंबडीला दात का नसतात. चिंच आंबट तर चिंचेचं पान पण आंबट का. म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा पावसात कुठे जातो. गुरुजी उत्तर द्यायचे नाहीत. "बघूया," म्हणायचे, आणि बघता येण्यासारखं असलं तर खरंच बघायला लावायचे. एका पोराने विचारलं की उंदीर किती खातो, तर एक उंदीर पिंजऱ्यात आठवडाभर वर्गात ठेवला आणि त्याच्यापुढे रोज दाणे मोजून टाकले. ते आबांच्या कानावर गेलं. आबा शाळेत येऊन उभे राहिले. "मास्तर, पोरे आठे उंदीर पाळाले नही येतस. शाळा तपासाले डेपोटी साहेब उना तर काय सांगशात त्याले?"

गुरुजी म्हणाले, "सांगेन, उंदीर बाजरीपेक्षा ज्वारी जास्त खातो."

"ते तर माले बी माहीत शे."

"तुम्हाला कसं कळलं?"

आबा म्हणाले, "मन्हा दानानी ढोलीमाईन खातस म्हनीसन."

"मग मुलांनाही तसंच कळलं," गुरुजी म्हणाले. आबा घरी येऊन म्हणाले की माणूस येडा शे पण उलटा बोलत नाही.

एका शनिवारी मी पेवाचा प्रश्न नेला. पेवात दिवा का विझतो. पोरं हसली, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पेव भुकेलं असतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पेवात काय असतं?" ज्वारी. "आणखी काय?" काही नाही, अंधार. "बघूया," म्हणाले. त्यांनी मला मूठभर ज्वारी भिजवून आणायला सांगितली. ती एका मडक्यात घातली, मडक्याला ताटली झाकून कडेने ओली कणीक लावली आणि सोमवारपर्यंत ठेवली. सोमवारी ताटली सरकवून त्यांनी पेटती काडी आत धरली. काडी विझली. दुसरी धरली, तीही विझली. शेजारच्या रिकाम्या मडक्यात तेवढीच झाकपाक केली होती, त्यात काडी जळत राहिली. म्हणजे अंधार नव्हे आणि मडकं नव्हे, ज्वारीचंच काहीतरी होतं. मला तेव्हा एवढंच कळलं की ज्वारी आपल्यासारखाच श्वास घेते आणि कोंडून ठेवली की आतली हवा वापरून टाकते. मग गुरुजींनी विचारलं, "आता काडी पुन्हा जळायची असेल तर?" आम्ही पाटीने मडक्यात वारा घातला. घालत राहिलो. काडी जळली. त्या दिवशी माठ कोणी भरला नाही आणि सगळी शाळा तहानलेली घरी गेली.

मी घरी येऊन मायला हे सांगितलं. काकू ऐकत होती. ती म्हणाली, "पेवले मडकामा कोंडीसन त्यानी मस्करी करतस का? नको त्या उद्योग." तिने मारलं नाही, पण तिला ते आवडलं नाही. हे पुढे कामाला येणार होतं, म्हणून सांगून ठेवते.

बॅटरी काकाने नंदुरबारच्या बाजारातून आणली होती. तीन सेलची, चकचकीत, खटका पुढे सरकवला की लखलखीत उजेड. गावात पहिलीच. काका तिला उशाशी घेऊन झोपायचा. दिवसासुद्धा ती कमरेला लावून फिरायचा आणि कोणी भेटलं की भर उन्हात तिचा उजेड त्याच्या तोंडावर मारायचा. काका वाईट माणूस नव्हता. हौशी होता. त्याला नवी वस्तू आवडायची आणि ती दुसऱ्याला दाखवायला त्याहून जास्त आवडायची. आबा त्याच्यावर ओरडायचे आणि मग रात्री गोठ्यात जाताना "दे रे ती" म्हणून बॅटरी मागून न्यायचे.

परीक्षा झाली. निकाल आला, दादा केंद्रात पहिला. गावात गूळ वाटला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर वैशाखात, नंदुरबारचे धान्याचे व्यापारी करीमभाई ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन ज्वारीला आले. दरवर्षी यायचे, घरच्यासारखे होते. पेव होळीआधी एकदा उघडून अर्धं काढलं होतं आणि पुन्हा बंद केलं होतं. करीमभाई येणार म्हणून ते आदल्या दिवशीच उघडून ठेवायला हवं होतं. आबा लग्नाला परगावी गेले होते, पहाटे परतले, आणि काका विसरला, त्याने फरशी त्या सकाळी काढली. करीमभाई ओट्यावर पाणी पीत म्हणाले, "पाटील, ऊन चढी ऱ्हायनं. मन्हा बैल मरतीन रस्तामा." आबा खळ्यात पोती काढायला गेले. काकू कुंकवाचा करंडा आणि दिवा घेऊन आली. काका तिला म्हणाला, "आते दिवा कसाले? दिवा विझस, मंग दिनभर बठा. हाई बॅटरी शे, विझतच नही."

हे सगळं मी मागून करीमभाईंकडून आणि दादाकडून ऐकलं. काकाचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. दिवा उजेडासाठी सोडतात असं त्याला वाटत होतं. इतक्या पिढ्या दिवा सोडत होत्या, आणि तो कशासाठी हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मग न विझणारा दिवा मिळाला तर तो चांगलाच. काकाने बॅटरी खाली सोडून फिरवली, सगळं स्वच्छ दिसलं. दादा म्हणाला, मी उतरतो. वर्षभर त्याला कोणी टोपलीही उचलू दिली नव्हती आणि केंद्रात पहिला आलेला असला तरी गावातली पोरं त्याला सायखाऊ म्हणत होती. काका म्हणाला, "उतर, मास्तर." केंद्रात पहिला आलेला माझा भाऊ "प्राणवायूच्या अभावी ज्योत विझते" हे तोंडपाठ घेऊन, हातात बॅटरी धरून, पेवात उतरला. त्याच्या डोक्यात त्या वाक्याचा आणि आमच्या अंगणातल्या खड्ड्याचा काही संबंध नव्हता. वाक्य परीक्षेचं होतं आणि पेव घरचं होतं.

तर काका खाली गेला आणि घरंगळला. काकू तोंडाशी बसून बोंब मारायला लागली. करीमभाई पागोटं सोडून दोर कमरेला बांधायला लागले. मी त्यांचा हात धरला. "चाचा, नका उतरू. तुम्हीन बी पडशात." ते थांबले, कारण त्यांनी दोघांना पडताना पाहिलं होतं. माय पोचली होती. मी तिला म्हटलं, "गोधडी दे. दोरले बांध, वर-खाले करानी. हवा जाई आत." मायने काहीही विचारलं नाही. वाळत घातलेली गोधडी ओढली, तिची मोट बांधून दोराला अडकवली, आणि ती आणि करीमभाई ती मोट पेवात सोडून विहिरीत बादली आपटतात तशी आपटायला लागले. पुढे कितीतरी वर्षांनी मी मायला विचारलं, तू माझं कसं ऐकलंस. ती म्हणाली, "माले काय समजनं नही. पन तू रडी नही ऱ्हायनी व्हती."

आबा खळ्यातून आले. ते सरळ पेवाकडे गेले. करीमभाईंनी त्यांना मिठी मारून अडवलं. मी कंदील पेटवून आणला होता. तो दोराने सोडला. अर्ध्यावर गेला आणि ज्योत बारीक होऊन गेली. काच काळी पडलेला विझलेला कंदील वर आला. खाली बॅटरी लख्ख जळत होती. सगळ्यांनी आधी कंदिलाकडे पाहिलं, मग पेवात पाहिलं. मायच्या हातात दोर होता, ती कंदिलाकडे बघत होती, आणि ती म्हणाली, "प्राणवायूच्या अभावी ज्योत विझते." मोठ्याने नाही, जात्यावर म्हणायची तसंच. मग तिने पदर खोचला आणि गोधडी अशी आपटायला लागली की करीमभाईंना तिच्याबरोबर हात चालवणं जमेना.

पुन्हा कंदील सोडला. ज्योत पिवळी, बारीक, पण राहिली. आबांनी कमरेला दोर बांधला. मी म्हटलं, "आबा, कंदील गुडघाजोगे धरा. तो बारीक हुयना का दोर हालाडा." आबांनी आयुष्यात माझं ऐकलेली ती एकच वेळ. ते उतरले. दादा ढिगावर होता, वरच्या अंगाला, तो आधी हाताला लागला. त्याला दोराला बांधला, आम्ही ओढला. तो निळा पडला होता, पण बाहेर आल्यावर त्याच्या घशातून आवाज आला आणि तो ओकला. आबा काकासाठी ढिगावरून खालच्या बाजूला वळले, तर कंदील विझायला आला. दोर हलला. आबांना वर ओढलं. पुन्हा गोधडी. पुन्हा आबा खाली. काकाला वर आणला तेव्हा मायने त्याच्या नाकाशी हात धरला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. तरी करीमभाईंनी गाडीतली पोती अंगणात फेकली आणि दोघांना गाडीत घालून नंदुरबारला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने काकाला हात लावून सोडला आणि दादाला ठेवून घेतलं. बॅटरीची कोणाला आठवण नव्हती. संध्याकाळी मी पेवात वाकून पाहिलं, ती पिवळी पडून अजून जळत होती.

काकाचे दिवस झाले, तेराव्याच्या जेवणावळीत काकू उठून आबांपुढे उभी राहिली. "आंडोर पयले, भाऊ मांगे," एवढंच म्हणाली. आंडोर म्हणजे मुलगा. आबांकडे उत्तर होतं. दादा वर होता, काका खाली, आणि खाली कंदील जळत नव्हता. पण ते बोलून दाखवलं तरी काकूच्या कानात शिरलं नसतं, आणि खरं सांगायचं तर दोघं एका अंतरावर असते तरी आबांनी मुलालाच आधी काढला असता. हे आबांनाही माहीत होतं आणि काकूलाही. हे वाक्य घरात असंच राहिलं असतं तर त्या दोघांना एका छताखाली राहणं अवघड होतं. तेव्हा नात्यातली एक म्हातारी म्हणाली की पोरीने शाळेत पेवाची मस्करी केली, ज्वारी मडक्यात कोंडून दिवे विझवले, पेवाने त्याचा बळी घेतला. काकू माझ्याकडे वळली. तिला ते मडकं आठवलं. आबा खाली बघत राहिले. ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. कंदील गुडघ्याशी धरून तेच उतरले होते. पण ते खोटं घराला सोयीचं होतं. भावाच्या जिवाचा दोष दहा वर्षांच्या पोरीवर गेला तर घर मोडत नव्हतं. मी तेव्हा रागावले. आता रागावत नाही, पण ते बरोबर होतं असंही म्हणत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मी चौथी पास होते, पाचवीसाठी पाटी घासून ठेवली होती. आबा म्हणाले, "इंदू, आते घर ऱ्हाय. काकूले हात लाव."

"कसाले?"

"कसाले इचारानं नही." हे ते मला नेहमी म्हणायचे, पण त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले.

गुरुजींची बदली धडगावकडे डोंगरात झाली. गावाने अर्ज केला होता. जाण्याआधी ते आमच्या दाराशी आले. काकू आत निघून गेली. आबांनी त्यांना बसा म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. गुरुजींच्या हातात एक पत्र्याची पेटी होती. त्यांनी मला विचारलं, "या शनिवारचा प्रश्न?" मी म्हटलं, "गुरुजी, दोघंही बेशुद्ध पडले. मग ढिगावरचा वाचला आणि खालचा मेला, असं का?" त्यांना उत्तर माहीत असणारच. आबा ऐकत होते. गुरुजी म्हणाले, "बघूया." आणि गेले. पुन्हा दिसले नाहीत.

दादा मास्तर झाला. हाताला थोडा कंप राहिला, बाकी ठणठणीत. मी एकदा माहेरी गेले होते तेव्हा त्याच्या शाळेवरून गेले. आत चाळीस पोरं एका सुरात म्हणत होती, ज्वलनास प्राणवायूची आवश्यकता असते. दादा छडी टेबलावर आपटून ताल धरत होता. मी खिडकीशी उभी राहिले. त्याने मला पाहिलं, पोरांना थांबवलं नाही. संध्याकाळी मी विचारलं, त्यांना पेवाचं सांगतोस का कधी. तो म्हणाला, "परीक्षाले नही येत ते."

मागच्या महिन्यात गायत्रीला मी माझा शनिवारचा प्रश्न विचारला. तिने फोनवरून मान न उचलता सांगितलं, "कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आजी, खाली साचतो." एका दमात. इतक्या वर्षांनी मला उत्तर मिळालं आणि ते बरोबर होतं. मग मी विचारलं, "असल्या खड्ड्यात तुला उतरायचं असेल तर आधी काय करशील?"

"फोनचा टॉर्च लावेन ना," ती म्हणाली.

मी मटकी भिजवली, मोड आणले, बरणीत घालून झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. माचीस तिच्याच हातात दिली. काडी बरणीत गेली आणि विझली. तिने दुसरी ओढली. मग फोनचा टॉर्च लावून बरणीत धरला, तो जळत राहिला. ती बरणीकडे बघत बसली. मग तिसरी काडी, मग मलाच विचारायला लागली, मटकीऐवजी दुसरं काही घातलं तर, बरणी उपडी धरली तर. त्यात तिचा क्लासचा ऑनलाइन पेपर बुडाला. मुलगा संध्याकाळी माझ्यावर चिडला. "आई, तिन्हा रँक खाले जाई ना." मी म्हटलं, "जाऊ दे खाले. वर येता उनं पाहिजे, एवढंच." मी काय म्हणते ते त्याला कळलं नाही. त्याला मी पेवाचं कधी सांगितलं नव्हतं. आता हे वाचेल.

त्या दिवशी पेवात तिघं उतरले. काका मेला. आबा वर आले आणि म्हातारे होऊन गेले. दादा वाचला, पेन्शन घेतली, दोन वर्षांपूर्वी वारला. माय, काकू, करीमभाई कोणी राहिलं नाही. काठावर मी होते. मी आहे.